रायगड किनाऱ्यावरील हौशी मासेमारी : परवाना कोठे लागतो, कोठे लागत नाही

रेवसच्या धक्क्यावर, रेवदंड्याच्या पुलालगत, कोर्लईच्या खडकांवर किंवा दिघीच्या खाडीकाठी सुटीच्या दिवशी गळ टाकून बसलेली माणसे आता नित्याची झाली आहेत. त्यांत गावचे रहिवासी असतात, तसेच मुंबई-पुण्याहून आलेले शौकीनही असतात. किनाऱ्यावरच्या बोलीत या उद्योगास ‘गरवणे’ म्हणतात. पूर्वी गरवायला जाणे म्हणजे घरच्या कालवणाची सोय करणे एवढाच अर्थ होता. आज त्याला पर्यटनाचे रूप आले आहे. किमती काठ्या, चक्रे व कृत्रिम आमिषे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांना नौकेतून खडकांपर्यंत नेणारेही पुढे आले.

या बदलाबरोबर किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींकडे, शाळांकडे व तहसील कचेऱ्यांकडे एक प्रश्न वारंवार येतो : गळाने मासे धरण्यास परवाना लागतो काय? त्याची दोन उत्तरे सर्रास दिली जातात. समुद्र सर्वांचा आहे, कशाचीही गरज नाही, हे एक. आणि ग्रामपंचायतीची पावती फाडली की झाले, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत आणि त्यांतून गावात तंटे उभे राहतात. म्हणून कायदा नेमका कशाविषयी बोलतो आणि कशाविषयी मौन पाळतो, हे नीट समजून घेणे इष्ट ठरेल.

कायदा नौकेचा, गळाचा नव्हे

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे. प्रादेशिक जलधीच्या पलीकडील मासेमारी मात्र संघ सूचीत येते. प्रादेशिक जलधी म्हणजे किनारी आधाररेषेपासून १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरांचा पट्टा. अलिबाग वा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून दिसणारा सारा समुद्र, या दृष्टीने, राज्याच्या अखत्यारीत आहे.

या पट्ट्यासाठी राज्याने १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम संमत केला. (कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले तेही त्याच वर्षी.) पुढील वर्षी, १९८२ मध्ये, त्याखालील नियम तयार झाले. हा कायदा का करावा लागला, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याची रचना उमगत नाही. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात उतरल्यामुळे डोल जाळ्यांचे व लहान होड्यांचे मच्छीमार अडचणीत आले होते. समुद्रात संघर्ष होऊ लागले होते. गोवा व केरळ या किनाऱ्यांवरही त्या काळात अशीच अशांतता होती. तेव्हा कायद्याचा मुख्य हेतू असा की, कोणत्या प्रकारच्या नौकेने, कोणत्या साधनाने, किती खोल पाण्यात आणि कोणत्या काळात मासेमारी करावी हे राज्याने ठरवून द्यावे आणि किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखावे. नौकेची नोंदणी, नौकेचा परवाना, जाळ्याच्या आसाचे माप, खोलीची मर्यादा वावांत : या कायद्याचा सारा शब्दसंग्रह नौका आणि जाळे यांभोवती फिरतो.

परिणामी, किनाऱ्यावर उभे राहून एका काठीने व एका दोरीने स्वतःच्या हौसेसाठी मासे धरणाऱ्या व्यक्तीसाठी या कायद्यात वैयक्तिक परवान्याची तरतूद नाही. तो परवाना कोणी देत नाही, कारण तसा परवानाच अस्तित्वात नाही. समुद्रातील मासेमारीचा परवाना देण्याचा अधिकार कायद्याने मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यास दिला आहे, ग्रामपंचायतीस नव्हे. वाहनतळ किंवा किनारा-स्वच्छता यांसाठी ग्रामपंचायत नियमानुसार आकार घेऊ शकेल. तथापि त्या पावतीस ‘मासेमारी परवाना’ म्हणणे चुकीचे आहे. अशी पावती दाखवून पुढे कोणी नौकेने समुद्रात गेला, तर त्याचा तेथे काडीचाही उपयोग नाही.

मात्र परवाना नाही म्हणजे नियम नाहीत, असा अर्थ कोणी काढू नये. कोठे, कशाने, काय आणि केव्हा या चारही बाबतींत हौशी माणसावर बंधने आहेत. ती निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत, एवढेच.

उत्तरेकडील देशांचा मार्ग

युरोपच्या उत्तरेस नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व डेन्मार्क हे देश गळाच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील लोकसंख्या विरळ, पाणी विपुल आणि हा छंद घरोघरी. तरीही, किंबहुना म्हणूनच, तेथे नियम बारकाईने घातलेले आहेत.

नॉर्वेमध्ये समुद्रात हातगळाने मासे धरणे सर्वांना खुले आहे. परदेशी पाहुण्यासही त्यासाठी शुल्क नाही. त्याने जाळी लावू नयेत, धरलेला मासा विकू नये आणि देशाबाहेर नेताना ठरलेल्या वजनाची मर्यादा पाळावी, एवढीच अट. पण नदीच्या मुखातून आत शिरले की चित्र पालटते. समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत चढणाऱ्या सॅमन माशासाठी प्रौढ व्यक्तीस शासनाचे वार्षिक शुल्क भरावे लागते आणि शिवाय त्या नदीकाठच्या जमीनमालकांचे वा स्थानिक मंडळाचे ‘मासेमारी कार्ड’ घ्यावे लागते. म्हणजे एक देणे राज्याला आणि दुसरे त्या विशिष्ट पाण्याला.

स्वीडनमध्ये रानावनांत कोणीही फिरावे, फुले-फळे वेचावीत, असा प्राचीन लोकहक्क आहे. पण मासे त्या हक्कात येत नाहीत, ही गोष्ट अनेक पाहुण्यांना ठाऊक नसते. देशाचा समुद्रकिनारा आणि पाच मोठी सरोवरे येथे गळ व काठी सर्वांना मोकळी आहे. इतर हजारो तळ्यांवर मात्र स्थानिक मालकांच्या मंडळाचे कार्ड लागते. अशा मंडळांना आधार देणारा स्वीडनचा कायदाही १९८१ चाच आहे. फिनलंडमध्ये साध्या काठीचा गळ, म्हणजे ज्याला फिरते चक्र नाही तो, आणि बर्फास भोक पाडून केलेली मासेमारी निःशुल्क आहे; चक्राच्या काठीने मासे धरणाऱ्या १८ ते ६९ वर्षे वयाच्या व्यक्तीस मत्स्यसंवर्धन शुल्क भरावे लागते. या एका नियमात मोठे शहाणपण आहे. गरीब माणसाची बांबूची काठी आणि शौकिनाचे यंत्र यांत कायद्याने तेथे भेद केला आहे.

या देशांत शुल्काचा पैसा सामान्यतः त्याच पाण्याच्या देखरेखीकडे, बीज सोडण्याकडे आणि गणनेकडे वळतो. त्यामुळे कार्ड घेणारा माणूस केवळ मासा विकत घेत नाही, तर नदीच्या जतनात भागीदार होतो. पण शुल्क भरले म्हणून मासा मिळालाच पाहिजे असा हक्क त्यास नाही. २०२४ च्या जून महिन्यात नदीत परतणाऱ्या सॅमनची संख्या फारच घटल्याचे आढळताच नॉर्वेने ऐन हंगामात ३३ नद्यांवरील सॅमनची मासेमारी बंद केली. लोकांनी कार्डे आधीच घेतली होती, निवासस्थाने राखून ठेवली होती. तरीही नद्या बंद झाल्या.

आपल्या देशातही वैयक्तिक गळ-परवान्याची पद्धत अगदीच अपरिचित नाही. हिमाचल प्रदेशात व जम्मू-काश्मीरमध्ये ट्राउट माशासाठी असे परवाने दिले जातात आणि काश्मीरच्या नद्यांचे त्यासाठी ठरावीक टप्पे पाडलेले आहेत. महाराष्ट्रात ही परंपरा समुद्रावर नव्हे, तर तलावांवर वाढली. मुंबईच्या पवई तलावावरील गळप्रेमींची संस्था त्याचे जुने उदाहरण आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाकाठी महसीर माशाचे बीज निर्माण करणारे केंद्र गेली काही दशके कार्यरत आहे. त्या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहातून पाताळगंगेत येते, म्हणजे रायगडातच येते, हे जिल्ह्यातील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

जिताड्याचे गणित

रायगडच्या गळप्रेमींचा सर्वांत आवडता मासा कोणता, असे विचारल्यास बहुतेकजण जिताड्याचे नाव घेतील. पेण व अलिबागच्या खारेपाटात हा मासा घराजवळच्या तळ्यांतही वाढवतात. एके काळी कचेरीत अडलेले काम मार्गी लावण्यास एक जिताडा पुरेसा होई, असे खारेपाटातील लोक आजही हसत सांगतात. अधिकारीवर्गाने ते हसण्यावारीच न्यावे.

या माशाचे जीवनचक्र जाणून घेण्यासारखे आहे. जिताडा खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर खाजणांत, कांदळवनांत व पुढे गोड्या पाण्यात शिरतात आणि तेथे वाढतात. विशेष असे की, हा मासा आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि काही वर्षांनी, आकार मोठा झाल्यावर, त्याचे रूपांतर मादीत होते. म्हणजे खाडीतील सर्वांत मोठे जिताडे हे बहुधा माद्याच असतात. एखाद्या खाडीतून मोठे जिताडे नेमाने काढले, तर तेथे नर उरतात आणि अंडी घालणारे कोणी उरत नाही.

ऑस्ट्रेलियात हाच मासा ‘बारामुंडी’ या नावाने ओळखला जातो. तेथील क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंटिमीटरांहून लहान बारामुंडी ठेवता येत नाही, हे आपल्याकडील कोणासही पटेल. पण १२० सेंटिमीटरांहून मोठा माासाही ठेवता येत नाही, तो पाण्यात परत सोडावा लागतो. लहान सोडावा तसा फार मोठाही सोडावा, हा विचार आपल्याकडे अद्याप रुजलेला नाही. आपल्याकडे मोठ्या माशाचे छायाचित्र निघते आणि तो घरी नेला जातो.

महाराष्ट्राने माशांच्या आकाराबाबत पाऊल टाकले ते २०२३ साली. त्या वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान ठरवण्यात आले. त्यांत पापलेटासाठी १३५ मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर अशी मापे आहेत. पापलेटास त्याच वर्षी राज्य माशाचा दर्जा मिळाला. ही मापे मुख्यतः व्यावसायिक मासेमारी व विक्री डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहेत. पापलेट तर गळाला क्वचितच लागतो. तथापि हौशी माणसानेही त्यांहून निराळे माप वापरण्याचे कारण नाही. शाळेतील मुलांना फूटपट्टी आणि बाजारातील मासे एवढ्या साधनांवर हा धडा उत्तम शिकवता येईल. विळखाभर सुरमईची पिल्ले टोपलीत दिसली की मापाचा अर्थ मुलांना तत्काळ कळतो.

काही प्राण्यांच्या बाबतीत मापाचा प्रश्नच उद्भवत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये देवमाशाएवढा वाढणारा व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडा, सर्व जातींची सागरी कासवे, डॉल्फिन हे संरक्षित आहेत. ते धरणे हा गुन्हा आहे, मग साधन जाळे असो वा गळ. चुकून सापडल्यास जिवंत सोडावे. व्यावसायिक मच्छीमारास असा प्राणी सोडताना जाळे कापावे लागले, तर नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या डिसेंबरात सुरू केली. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर, मारळ व दिवेआगर येथे कासवे अंडी घालण्यास येतात. तेथे रात्री दिवे लावून गळ टाकून बसणाऱ्यांना ग्रामस्थांनी समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लांची दिशा चुकते.

काळाची मर्यादा आणि वलगण

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. याविषयीचे आदेश दरवर्षी निघतात. पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना त्यातून वगळलेले असते. ही बंदी जुन्या रिवाजाचेच नवे रूप होय. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी पाण्यात लोटायची नाही, हा कोळी समाजाचा संकेत कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे. पावसाळ्यात अनेक माशांचा प्रजननकाळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. दोन्ही कारणे त्या एका संकेतात सामावलेली होती.

किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यास ही बंदी शब्दशः लागू होत नाही. पण पावसाळ्यात समुद्रकिनारे व धबधबे यांच्यासंबंधी जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. ते आदेश गळवाल्यांनाही तितकेच लागू असतात.

खरा प्रश्न समुद्रावर नसून शेतात आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढे फुगले, की नदीतील मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. सावित्री, कुंडलिका, आंबा, भोगावती, पाताळगंगा या नद्यांना मिळणाऱ्या वहाळांतून ते थेट भातखाचरांत शिरतात. यासच ‘वलगण’ म्हणतात. हे मासे अंड्यांनी भरलेले असतात. उथळ, उबदार, निवांत पाण्यात अंडी घालावीत एवढ्यासाठीच ते वर येतात. याच रात्री गावोगावची तरुण मंडळी बत्त्या, पाग, टोपल्या आणि काठ्या घेऊन निघतात. पावसाची पहिली रात्र, चिखल, आरडाओरडा आणि पहाटे वाटून घेतलेले मासे, हा आनंद खरा आहे आणि तो गावाच्या स्मृतीचा भाग आहे. परंतु पूर्वी हे चार घरांपुरते होते. आज रस्त्यालगतच्या प्रत्येक वहाळावर वाहने थांबतात, बांधाच्या तोंडाशी दुहेरी जाळी लागतात आणि एकही मासा खाचरापर्यंत पोहोचत नाही.

नॉर्वेतील सॅमन आणि आपल्या वलगणीचे मासे यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्ही अंडी घालण्यास वर चढतात आणि त्याच वाटेवर सर्वाधिक असहाय असतात. तेथे या चढणीभोवती शुल्क, कार्ड, हंगाम आणि वेळप्रसंगी संपूर्ण बंदी असे कुंपण उभे आहे. आपल्याकडे ते ग्रामसभेच्या ठरावानेच उभे राहू शकेल. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसायाचा समावेश आहे. पहिल्या पावसाचे काही दिवस वहाळ पूर्ण अडवणारी जाळी कोणी लावू नयेत. अर्धा प्रवाह मोकळा राहावा. अंड्यांनी भरलेली मोठी मादी सोडावी, एवढे जरी गावाने ठरवले तरी पुढल्या वर्षी फरक दिसेल. येथे पोलिसी बडग्यापेक्षा शाळामास्तरांचा शब्द अधिक उपयोगी पडतो, असा अनुभव ग्रामीण कार्यकर्त्यांना नेहमी येतो.

स्फोटके आणि विषारी द्रव्ये यांच्या बाबतीत मात्र ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली होती आणि महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० मध्ये तेच तत्त्व कायम आहे. डोहात जंतुनाशक पूड टाकणे किंवा वीजवाहिनीची तार सोडणे यास कोणी ‘हौस’ म्हणत असेल, तर तो गुन्ह्यास दिलेला सौम्य शब्द आहे. त्या डोहाचे पाणी खालच्या गावातील माणसे आणि गुरे पितात.

तलाव कोणाचा

गोड्या पाण्यात परवान्याचा प्रश्न पुन्हा जिवंत होतो. शासनाचे जलाशय आणि तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात आणि ते बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, बीज विकत आणून सोडते, राखण करते. अशा तलावात संस्थेच्या परवानगीवाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पेरलेल्या शेतातून कणसे खुडणे होय. पाहुण्यास ते पाणी मोकळे दिसते. सभासदांना त्यात आपले भांडवल दिसते. गावतळी ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात आणि तेथे मात्र पंचायतीची परवानगी हीच खरी परवानगी. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवर त्या त्या यंत्रणेची बंधने असतात, अभयारण्यात वनविभागाची. मुरूड-रोहा परिसरातील फणसाड अभयारण्याच्या हद्दीतील पाणवठे केवळ दाट झाडीत आहेत म्हणून कोणाचेच नाहीत, असे नव्हे.

सहकारी संस्थांनी येथे स्वीडनच्या पद्धतीचा विचार करण्यासारखा आहे. ठेक्याच्या अटींत बसत असल्यास आणि विभागाची संमती असल्यास, ठरावीक दिवशी, ठरावीक संख्येने, एका काठीस अमुक शुल्क अशी कार्डे दिल्यास संस्थेस उत्पन्न मिळेल आणि चोरटी मासेमारी आपोआप आटोक्यात येईल. कारण पैसे भरून बसलेला माणूस स्वतःच पहारेकरी होतो. एक खबरदारी मात्र हवी. बाहेरून आणलेले जिवंत मासे आमिष म्हणून वापरू देऊ नयेत. ज्याच्या संवर्धनास देशात २००० सालापासून बंदी आहे, तो परदेशी मांगूर एकदा पाण्यात सुटला की स्थानिक मासे संपवूनच थांबतो. नॉर्वेमध्ये एका नदीतील परजीवी दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून गळ, काठी व बूटसुद्धा निर्जंतुक करावे लागतात.

नौकेत पाय ठेवण्यापूर्वी

किनाऱ्यावरून सुटलेला प्रश्न नौकेत चढताच गंभीर होतो. सुटीच्या दिवसांत मासेमारी नौकेतून पाच-सहा शौकिनांना खडकांपर्यंत किंवा खोल पाण्यात नेण्याचा व्यवसाय किनाऱ्यावर वाढत आहे. नौकामालकास त्यातून जाळ्याच्या फेरीपेक्षा अधिक रक्कम मिळते, म्हणून त्यास दोष देता येत नाही. परंतु मासेमारीचा परवाना हा मासेमारीसाठी असतो, प्रवासी वाहून नेण्यासाठी नव्हे. प्रवासी नौकेची तपासणी, आसनसंख्या, जीवरक्षक जाकिटे व परवाना हे विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतात. दुर्घटना घडल्यास पहिला प्रश्न विचारला जाईल तो हाच की, ही माणसे या नौकेवर कोणत्या अधिकाराने होती? आणि त्या क्षणी नौकेचा विमाही संशयात येतो. घरातील एकुलत्या एका नौकेवर कुटुंब चालवणाऱ्या मच्छीमारासाठी ही जोखीम फार मोठी आहे.

यास सुरक्षेची दुसरी बाजू आहे. १९९३ साली स्फोटके उतरवली गेली ती श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. नोव्हेंबर २००८ मधील हल्लेखोर मुंबईत आले ते एका मासेमारी नौकेचा आधार घेऊनच. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे, नौकांना नोंदणी क्रमांक व ठरावीक रंग, बंदरावर जाण्या-येण्याची नोंद ही व्यवस्था आली. ओळख नसलेली माणसे नोंद न करता नौकेतून नेणे, हे या पार्श्वभूमीवर किती धोक्याचे आहे ते भरडखोल, आदगाव, राजपुरी येथील जाणती माणसे सहज ओळखतात. उरण परिसरात तर बंदर, तेल व नौदलाच्या प्रतिष्ठानांभोवतीचे पाणी सर्वसामान्यांस निषिद्ध आहे.

परवाना नसलेल्या यांत्रिक नौकेने मासेमारी केल्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि समुद्रात प्रखर एल.ई.डी. दिव्यांच्या साहाय्याने केलेल्या मासेमारीस तो ५ ते २० लाख रुपये इतका आहे. पूर्वी अशा प्रकरणांचा निवाडा तहसीलदारांकडे असे. त्या दुरुस्तीने तो मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आला. तहसील कचेरीत अजूनही येणारे अर्ज व तक्रारी तेथून अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवणे आवश्यक आहे.

कायद्यात न लिहिलेला एक नियमही येथे नमूद करणे योग्य ठरेल. डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रात खुंट रोवलेले असतात. प्रत्येक खुंटाची जागा कोणत्या घराची, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. शौकिनांची नौका त्या खुंटास बांधणे किंवा जाळ्याच्या तोंडापुढे गळ सोडणे हा त्या घराचा अपमान मानला जातो आणि जाळे फाटले तर नुकसान हजारो रुपयांचे होते. नौका नेणाऱ्याने ही गोष्ट पाहुण्यास आधीच सांगितली पाहिजे.

भरतीचे वेळापत्रक

खडकावर बसून गळ टाकणाऱ्यांचे बळी जातात ते बहुधा माशांच्या नादात भरतीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत गेलेले पर्यटक भरतीने अडकतात, तोच प्रकार खडकांवर घडतो, फक्त तेथे तटबंदीचा आसरा नसतो.

जुन्या लोकांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या दिवशी पूर्ण भरती असण्याची अंदाजे वेळ. पंचमीस पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीस सहा. पौर्णिमेस वा अमावास्येस पंधरा धरून सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी थोडे चढते व थोडे उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि तेव्हा पाणी खडकावर झपाट्याने येते. प्राथमिक शाळेच्या पाचवीतील मुलास हे गणित फळ्यावर दहा मिनिटांत शिकवता येते. बाहेरून आलेल्या शौकिनाच्या किमती काठीसोबत हा हिशेब येत नाही. त्यासाठी धक्क्यावरील फलकावर त्या दिवसाची भरतीची वेळ खडूने लिहिण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी आणि त्याखाली तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक ठेवावा. खडकावरून परतण्याची वेळ भरतीच्या किमान तीन तास आधीची लिहावी, कारण पाणी प्रथम मागच्या वाटेवर चढते, पुढच्या खडकावर नंतर.